पाय हलवू नका

मंडळी, घरी येऊन बराच वेळ झाला, पर्स अजून खांद्यालाच आहे.

मी सांगलीत एमआरआय मशीनवर काम करते. येईल त्या पेशंटला सांगायचं, "पाय हलवू नका हां, हललं की फोटो बिघडतो." आता हे वाक्य तोंडातून आपोआप निघतं.

आज उंब्रजचे एक काका आले. दिवाळीत उसाच्या ट्रॉलीवरून पडले, तेव्हापासून कमरेखाली काहीच जाणीव नाही. मज्जारज्जूला किती मार बसलाय, ते डॉक्टरांना बघायचं होतं. सगळ्यांनी मिळून त्यांना उचलून मशीनवर ठेवलं आणि मी सवयीनं म्हणाले, "काका, पाय हलवू नका हां."

सोबत आलेल्या काकूंनी मान फिरवली. काका हसले. "बरं ताई. पन हललाच, तर लगीच वरडून सांगा. दिवाळीपासनं वाट बघतुया."

काचेमागून मी त्यांच्या पायांकडेच बघत बसले. एरवी हललेला फोटो दिसला की वैतागते. आज एक तरी हललेला यावा, असं वाटत होतं.

सगळे स्वच्छ आले.

बाहेर काढल्यावर काकांनी विचारलं, "मग ताई, हलला का?"

तुम्ही काय सांगितलं असतं?