साहेबी चेहरा

बढती मिळाली नव्हती, तरी ऑफिसात सगळे मला वचकून राहायला लागले, ते वर्ष मी विसरणार नाही.

तीस वर्षं दिल्लीत केंद्र सरकारची खुर्ची उबवली मी. इथे मोठा साहेब ओळखायच्या खुणा ठरलेल्या. सही बारीक, आवाज इतका हळू की समोरच्याने वाकून ऐकावं, चालताना हात हलवायचे नाहीत, आणि हसायचं तर मुळीच नाही. मला यातलं काही म्हणजे काही जमलं नव्हतं. खदाखदा हसणारा माणूस मी! आणि एका हिवाळ्यात सगळं आपोआप जमायला लागलं. सही मुंगीएवढी झाली. चपराशी म्हणाला, "साहब, अब आप बिल्कुल बड़े अफसर लगते हैं।" मीटिंगमध्ये मी नुसता बघत बसलो, तरी लोक आपले मुद्दे मागे घ्यायचे. मला काय, मी खूश.

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये मात्र कौतुक नव्हतं. "एक बटण लावायला दहा मिनिटं? एवढा कसला तोरा?" ही म्हणायची.

त्याच हिवाळ्यात लेकीने एक मुलगा घरी आणला. फरीदाबादला कारखान्यात इंजिनिअर, पंजाबी. लग्न करायचं तर माझ्या होकारानेच, असं तिने त्याला बजावलं होतं. पोरगा सरळ होता, दोनदा मागून आमटी प्यायला. मला फार आवडला. तो गेल्यावर तिने विचारलं, "बाबा, कसा वाटला?"

"चांगला आहे," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "रहने दो. नाही आवडला तर सरळ सांगा ना यार!" आणि धाडकन दार लावून घेतलं.

अरे, चांगला म्हटलं, आता काय नाचू? मला असा संताप आला! तोही चेहऱ्यावर आला नसणार. तिने त्या मुलाला थांबायला सांगितलं, आणि दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलली.

शेवटी बटणांना कंटाळून हिने मला डॉक्टरकडे नेलं. लेक गाडी चालवत आली. डॉक्टरीणबाईंनी मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली. मग म्हणाल्या, काहीही एक वाक्य लिहा. हात सवयीने लिहून गेला, 'प्रस्ताव मान्य आहे.' शेवटचा शब्द भिंगाने वाचावा लागला असता.

"कंपवाताची सुरुवात आहे," त्या म्हणाल्या. "हात थरथरायलाच हवा असं नाही. हसायचा हुकूम मेंदूतून निघतो, पण तो स्नायूंपर्यंत नीट पोचायला मेंदूत एक रसायन लागतं. ते तुमचं कमी पडतंय. आनंद होतो, चेहरा हलत नाही."

हुकूम वरून निघतो आणि खाली पोचत नाही, हे मला कोण शिकवणार? जन्मभर तेच तर केलं!

लेक मात्र पांढरीफटक पडली. बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसली. मी म्हटलं, "त्या दिवशी मी हसलो होतो गं. मनापासून हसलो होतो."

तिने माझा हात घट्ट धरला, रडून घेतलं, नाक पुसलं आणि फोन लावला. "सुनो, बाबा को तुम पहले दिन से पसंद हो। नहीं नहीं, चेहरे पर मत जाओ। वो सरकारी है।"