दगडाबाई सभेत उभ्या राहिल्या

गुडघे दुखतात म्हणून दगडाबाईंनी कधी कुणापुढे रडगाणं गायलं नाही. पण दूध संस्थेच्या मागच्या सभेत त्याच गुडघ्यांनी त्यांचा घात केला. वस्तीवरचं संध्याकाळचं दूध घेणं बंद करायचा ठराव होता. पुरुष सभासद खुर्च्यांवर आणि बाया खाली सतरंजीवर, अशी तिथली रीत. चेअरमन आबासाहेब म्हणाले, "इरोध असंल त्यानं उभं ऱ्हावं." दगडाबाई हात टेकून अर्ध्या उठल्या, तोवर "न्हाई ना कुणी? मंजूर!" झालंसुद्धा. अर्धी उठलेली बाई मोजायची सोय कुठल्याच संस्थेत नसते.

यंदाही पावसानं पाठ फिरवली. पुढच्या सभेत वस्तीवरचं दूध केंद्र कायमचं बंद करणार, असं कानावर आलं. मग दूध घालायला नेकनूरचं केंद्र, वस्तीपासून चार किलोमीटर. दोन लिटर दुधासाठी अडुसष्टाव्या वर्षी रोज कोण चालणार? केंद्र गेलं की गाय विकायची आणि पुण्याला मुलाच्या दोन खोल्यांत जाऊन पडायचं, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांना जायचं नव्हतं.

गुडघ्यांसाठी त्या आरोग्य उपकेंद्रात गोळी मागायला गेल्या, तर नर्सबाईनं व्यायाम दिला. बाजेवर बसून एक पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, मग दुसरा. दाराची चौकट धरून टाचा उचलायच्या. हात न टेकता बाजेवरून दहादा उठबस करायची. हे सगळं अंगवळणी पडल्यावरच जमिनीवरून उठायचं: आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, बाजेला धरून एक पाऊल रोवायचं आणि वर यायचं. "दुखलं की थांबायचं. अन् दाराला कडी लावायची नाही, आजी," नर्सबाईनं बजावलं.

आजींनी पहिल्याच दिवशी कडी लावली. जन्मभर खुरपलं, हंडे वाहिले, आणि आता म्हातारपणी कसरत करायची? लोक काय म्हणतील, याची त्यांना खरोखर लाज वाटत होती. वर सभेआधी उठता यायला हवं, ही घाईही होतीच. आठ दिवसांत त्या थेट खोलीच्या मधोमध जमिनीवर बसल्या, बाज तिकडे भिंतीशी. बसल्या त्या बसल्याच. तेवढ्यात शेजारच्या सुंदरबाईंनी दार वाजवलं.

"कावून कडी लावली वं? काय करायलीस?"

"बसलेय."

"मग उठ की!"

"तेच करायलेय!"

सुंदरबाई बाहेरून ओरडत राहिल्या. इथंच पडून राहिले तर दार फोडावं लागेल, ही भीती दगडाबाईंच्या मनात शिरली. मग नर्सबाईचं बोलणं आठवलं. सरकत सरकत त्या बाजेपाशी गेल्या, कुशीवर वळल्या, गुडघ्यांवर आल्या आणि बाजेची कड धरून कशाबशा उठल्या. कडी काढायला अर्धा तास लागला. सगळं ऐकून सुंदरबाई पोट धरून हसल्या, मग डोळे पुसत म्हणाल्या, "हसंल त्याचे दात दिसतील. पुन्हा कडी लावलीस तर बघ."

त्यानंतर दार उघडं राहिलं आणि घाई गेली. सकाळी धार काढून झाली की पाय, टाचा, उठबस. महिनाभर जमिनीवर बसायचं नावच काढलं नाही. दुसऱ्या महिन्यात बाज धरून उठू लागल्या, तिसऱ्यात नुसता तळवा टेकून. गुडघे दुखायचे थांबले नाहीत, पण ऐकायला लागले.

सभेच्या दिवशी जनावरांच्या छावणीतल्या चाऱ्यावर तासभर बोलणं झालं आणि शेवटी घाईघाईनं तो ठराव आला. "वस्तीवरलं केंद्र बंद. इरोध असंल त्यानं उभं ऱ्हावं."

दगडाबाई कुशीवर वळल्या. गुडघ्यांवर आल्या, पाऊल रोवलं.

"न्हाई ना कुणी? मं..."

"थांबा, आबासाहेब. मी उभी हाय."

आबासाहेब ओशाळून हसले. "लई तरास होईल, दगडाबाई. बसून बोला."

"बसले की तुमी मंजूर म्हनता. उभ्यानंच सांगते."

पाण्याचा टँकर आला नाही तरी गाय दूध देते, आणि ते वाहायला डोकं आमचंच लागतं, असं सुरू करून त्या दहा मिनिटं बोलल्या. मागे एकेक करून सहा बाया उठल्या. कुणी पटकन, कुणी एकमेकींच्या खांद्याला धरून. ठराव पुढे ढकलावा लागला. सचिव मोहनरावांनी इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' असं सभेआधीच लिहून आणलं होतं. ते त्यांनी सगळ्यांदेखत खोडलं.