ड्रममधला हट्टी चमचा

कुजणाऱ्या वस्तूंवर माझ्या मामेसासऱ्यांइतकं प्रेम करणारा माणूस पुण्यातच काय, त्रिभुवनात सापडायचा नाही! लोक लग्नाला जेवायला जातात, मामा ताटल्या बघायला जायचे. उसाच्या चोथ्याची ताटली दिसली की चेहरा असा फुलायचा, की वधूपित्याला वाटावं जेवण आवडलं. एकदा तर त्यांनी आपली बासुंदी माझ्या वाटीत ओतली, चोथ्याची ती रिकामी वाटी विसळून खिशात घातली आणि म्हणाले, "जावईबापू, ही आजच पुरायची!" शेजारच्या बाई घास हातात धरून आमच्याकडे बघत राहिल्या.

मक्याच्या पिठापासून केलेली पिशवी, तसलाच चमचा, गव्हाच्या कोंड्याचा पेला, बाजारात काहीही नवं आलं की मामांच्या बाल्कनीतल्या खताच्या ड्रममध्ये गेलंच पाहिजे. "वेष्टनावर काय लिहिलंय ते सांगू नका. माती काय म्हणते ते बघू," हा त्यांचा खाक्या. ड्रमची उष्णता मोजायला ते बुधवार पेठेत थर्मामीटर आणायला गेले. दुकानदारानं विचारलं, "कोण आजारी आहे?" मामा म्हणाले, "ड्रम." "मग डॉक्टरांकडे न्या," म्हणून तो पुन्हा पेपर वाचू लागला. पिशव्या विरल्या, पेले विरले. मक्याचा एक चमचा तेवढा ढिम्म राहिला. दर रविवारी मामा त्याला उकरून काढत, धूत, चावून बघत आणि पुन्हा पुरत. "माझ्या आधी तूच जाणार आहेस!" हा दम मी स्वतः ऐकलाय.

मामी गेल्यावर मुलीनं त्यांना बंगळूरला नेलं आणि ड्रम माझ्या गळ्यात पडला. "चमचा विरेपर्यंत दर रविवारी फोन करीन," मामांनी निघताना बजावलं. तो फोन अजून चुकलेला नाही. सुका पाला घातला का, आंबट ताक शिंपडलं का, तासभर चौकशी चालते. "इथे सगळे कामात असतात हो," एकदा सहज बोलून गेले. मला फार वाईट वाटलं.

परवाच्या रविवारी ड्रम उकरला आणि चमच्याचा हातातच भुगा झाला! मी आनंदानं असा ओरडलो की बायको पोळी तव्यावर टाकून धावत आली. तेवढ्यात फोन वाजला.

"काय म्हणतोय आपला चमचा?"

मी हातातल्या भुग्याकडे पाहिलं.

"आहे अजून, मामा. हट्टी आहे."

"असू दे, असू दे!" मामांचा आवाज एकदम तरुण झाला. "पुढच्या रविवारी बघू."