पहिल्या बायकोला ठाऊक होतं का
माझी लेक बीडच्या कॉलेजात इतिहास शिकते. तिला अमेरिकेतल्या मॉर्मन पंथावर वर्गात बोलायचं होतं. त्या पंथाच्या संस्थापकाने अनेक बायका केल्या, त्या देवाच्या आज्ञेने की स्वतःच्या मनाने, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आदल्या संध्याकाळी ती ओसरीवर सराव करत होती आणि माझे सासरे परीक्षक झाले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला आणि ती गप्प झाली. लाजण्यात ती माझ्यावर गेली आहे.

मी आत भाकरी थापत होते. सासऱ्यांशी मी थेट बोलत नाही, लेकीच्या तोंडूनच बोलते. मी आतूनच म्हणाले, "आजोबाला म्हण, पहिल्या बायकोला ठाऊक होतं का, ते विचारा की."

लेकीला एकदम वाचा फुटली. "आई, त्याच्यावरच तर लई भांडण हाय. काहीजण म्हणतात ठाऊक होतं, काहीजण म्हणतात तिच्यापासून लपवलं. असं काही झालंच न्हाई, असं ती म्हातारपणी म्हणाली."

"नवऱ्याची अब्रू झाकली तिनं," सासरे म्हणाले.

"कावून झाकल? तिला खरंच ठाऊक नसल," मी म्हणाले, आणि मग ध्यानात आलं की मी त्यांनाच उत्तर दिलं.

सासरे हसायला लागले. "पोरी, तुझी आई माझ्याशी भांडायली बघ."

"दोघंबी थांबा," लेक म्हणाली. "पुरावा काय हाय तुमच्याकडं?"

जेवणं होईपर्यंत ती आम्हा दोघांचं म्हणणं खोडत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "आई, सर म्हणाले, आता बस कर, बाकीच्यांनाबी बोलू दे."