शुक्रवारी गप्प बसणारा चंद्र

विश्वात स्थिर असं काहीच नाही, हे शास्त्रज्ञांनी मोठमोठ्या दुर्बिणी लावून सिद्ध केलं. आम्हा घरच्यांना ते आमच्या आतोबांकडे बघूनच पटलं होतं. आत्याचे हे यजमान टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि लगेच त्यांनी खगोलशास्त्र हाती घेतलं. बरं, एक शाखा धरून बसतील तर ते आतोबा कसले! गणपतीत कृष्णविवरं, दिवाळीत परग्रहांवरची हवा, शिमग्यापर्यंत गुरुत्वलहरी. जेवताना भातात आमटीचं आळं करून ते बोटाने आकाशगंगा फिरवत. "बघ, कडेचा भात एवढ्या जोरात फिरतो, तरी ताटाबाहेर उडत नाय. का? न दिसणारं वस्तुमान!" "दिसतंय तेवढं आधी गिळा," आत्या म्हणे. दुसरा घास घेईपर्यंत त्यांना कृष्णपदार्थाचाही कंटाळा आलेला असे. खुर्चीला त्यांची पाठ कधी पुरती टेकली नाही. चहासुद्धा जिना चढता चढता प्यायचे.

मग मुलीने दोघांना कायमचं पुण्याला बोलावलं, आत्याने होकारही दिला, आणि आतोबांची चुळबुळ दुप्पट झाली. "जन्मभर लोकांचे आवाज जोडून दिले रे," खाडीजवळच्या मांडवीच्या घराच्या गच्चीवर ते मला म्हणाले, "जाण्याआधी आभाळातला एक तरी आपला आपण शोधायचाय." आमरसाचे रिकामे डबे कापून त्यांनी आभाळाकडे तोंड केलेला मोठा पत्र्याचा कर्णा बनवला. आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा रेडिओ संदेश त्यात पकडायचा होता. शेजाऱ्यांना वाटलं, आतोबा निवडणुकीला उभे राहतायत.

हायड्रोजन काही आला नाही. त्याऐवजी रोज एक खरखर यायची, आदल्या दिवसापेक्षा जवळजवळ तासभर उशिरा. आतोबा थरारून गेले. "तारा असता तर रोज थोडा आधी आला असता. माणसाचं यंत्र असतं तर ठरल्या वेळी. तासभर उशिरा येणारा आभाळात एकच, चंद्र!" आणि काय सांगू, हा माणूस एका शाखेत टिकला. आठवडेच्या आठवडे स्टुलावर बसून राहिला. एकच गोम होती, शुक्रवारी चंद्र गप्प असे. त्यावर त्यांनी मला दोन-तीन सिद्धांत ऐकवले; एकही मला कळला नाही.

अशाच एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. आत्याने सुका बांगडा वाढला.

"ताजा नाय मिळाला?" मी विचारलं.

"आज कुठला ताजा? जुम्याच्या नमाजासाठी राजिवडा बंदरातल्या होड्या बंद. एरवी भरतीचं पाणी चढलं की सुटतात बिचाऱ्या, खाडीच्या तोंडाशी गाळ किती साचलाय!"

आतोबांचा घास हातातच राहिला. भरती रोज तासभर उशिरा. भरतीला होड्या सुटणार, सुटताना त्यांचे वायरलेस सुरू होणार, आणि ते नेमके आमच्या आमरसाच्या डब्यांत शिरणार. मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी मान खाली घालून बांगड्याचे काटे काढत बसलो.

ते हळूच म्हणाले, "पण भरती आणली कोणी? चंद्रानेच ना?"

जन्मात त्यांचं एक वाक्य न सोडणाऱ्या आत्याने आपल्या ताटातला बांगड्याचा तुकडा त्यांच्या ताटात ठेवला. "हो हो, चंद्रानेच. जेवा आता."

ते पुण्याला गेले. तिथे सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं. कर्णा माझ्या अंगणात पडलाय, त्यात मांजर व्याली आहे. अधूनमधून आतोबांचा फोन येतो, "भरती लागली काय रे?" लागली असली तर मी खाडीच्या बाजूला जातो आणि होड्यांच्या इंजिनांकडे फोन धरून उभा राहतो. पलीकडे ते अगदी गप्प असतात, येरझारा घातल्याचा आवाजसुद्धा येत नाही. मला त्यांची फार आठवण येते.

शुक्रवारी मात्र त्यांचा फोन नसतो.