डाग पुसलेली पानं

मार्केट यार्डाच्या रस्त्यावरच्या त्या ट्रॅक्टर स्पेअर पार्टच्या दुकानात महादेवप्पा काउंटरवर बसत, तेव्हा त्यांच्या पाठीशी लोखंड असे आणि पुढ्यात कागद. कागद म्हणजे कंपन्यांचे कॅटलॉग, प्रत्येक मॉडेलचा एक. डाव्या पानावर चित्र असे. गिअरबॉक्स किंवा मागचा ॲक्सल पार उलगडून ठेवलेला, नट, वॉशर, बेअरिंग एकमेकांपासून सुटून हवेत थांबलेले. उजव्या पानावर तक्ता: चित्रातला आकडा आणि त्याच्या ओळीत पार्टचा नंबर.

गिऱ्हाईक फडक्यात बांधलेला मोडका तुकडा काउंटरवर ठेवी. महादेवप्पा तो उचलत, कडेवरून अंगठा फिरवत, आणि दुसऱ्या हातानं कॅटलॉग उघडत. बहुतेक वेळा हवं तेच पान निघे. मग बोट तक्त्यावरून खाली उतरे आणि एका ओळीवर थांबे.

"ह्यो माणूस पुस्तक वाचत न्हाय, चाचपतो," असं करकंबचे ऊसवाले म्हणायचे. त्यांना ते कौतुक वाटे. ते खरं किती होतं हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

ते कॅटलॉग स्वच्छ कधीच नव्हते. महादेवप्पांनी नोकरी धरली तेव्हा दुकान पत्र्याचं होतं आणि मालक होते आताच्या मालकाचे, शरणबसवचे, वडील. हंगाम सुरू झाला की काउंटरशी गर्दी व्हायची, आणि प्रत्येकाला चित्र स्वतः बघायचं असायचं. ग्रीसनं माखलेली, ऑइलनं चकाकणारी, मातीनं भरलेली बोटं पानावर टेकायची. "ह्यो न्हाय, ह्याच्या खालचा. व्हय, ह्योच." तिथं डाग पडे. जो पार्ट जास्त मोडे, त्याची ओळ जास्त काळी. वर्षं गेली तशी पानं आपोआप बोलकी झाली. जिल्ह्यात कुठल्या ट्रॅक्टरचं काय दुखतं, ते त्या डागांत उतरलं होतं. कॅटलॉग उघडला की डिझेल, तंबाखू आणि घाम यांचा मिळून एक वास येई. कित्येक संध्याकाळी दुकान बंद करताना महादेवप्पा तो वास हातावर घेऊन घरी जात. निंगव्वा, त्यांची बायको, म्हणे, "आधी मोरीत जा, मग घरात या."

मग डोळे गेले. एकदम नाही. आधी अक्षरं वाकडी झाली, मग मधोमध धुरकट ठिपका आला आणि वाढत गेला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा झिजलाय, चष्म्यानं काही होणार नाही. कडेचं दिसायचं. समोर माणूस उभा राहिला की त्याचे कान दिसत, खांदे दिसत, टोपी दिसे. तोंडाच्या जागी पहाटेचं धुकं असे.

हे फक्त निंगव्वाला माहीत होतं.

"शरणबसवला सांगून टाका की," ती म्हणाली.

"सांगितलं की दुसऱ्या दिवशी घरी."

"मग बसा घरी."

"घरी बसून काय करू? तुझ्या भाकरी राखू?"

त्यांना पगाराची तेवढी काळजी नव्हती. मुलगा पुण्यात होता, पाठवत होता. त्यांना ती खुर्ची हवी होती. काउंटरमागची, एक पाय डगमगणारी. तिच्यावर बसलं की दुधनीपासून श्रीपूरपर्यंतची माणसं नावानं हाक मारत. ती गेली असती तर ते कोण उरले असते, याचा विचार त्यांनी एकदा केला होता आणि अर्ध्यात सोडून दिला होता.

डोळ्यांशिवाय काम चालत होतं ते डागांमुळे. जाडीवरून पान सापडे, फाटक्या कोपऱ्यावरून खात्री पटे, आणि कडेच्या नजरेला काळी ओळ बरोबर दिसे. नंबर तर पाठच होते. नवं काही आलं तर, "यव्वा, जरा वाच गं, चष्मा विसरलो," असं ते श्रीदेवीला म्हणत. श्रीदेवी दुधनीची, कॉम्प्युटरवर बिलं करायची. तिला वाटे, अप्पा फार विसरतात.

दुकानाला काच लागली त्या वर्षी कपाटात वाळवी सापडली. शरणबसवनं दोन कॅटलॉग उघडून बघितले, आत बोगदे. त्यानं तिथंच ठरवलं.

"अप्पा, सगळं पीडीएफ करून टाकू. नव्या मॉडेलचं तर कंपनी पीडीएफच पाठवते. जुनी स्कॅन करू. धूळ नाही, वाळवी नाही. नाव टाकायचं, एंटर मारायचं."

"आणि पुस्तकं?"

"स्कॅन करताना शिवण कापावी लागते म्हणे. सुटी पानं घेऊन काय करणार?"

महादेवप्पांनी मान हलवली. विरोध करायला कारण द्यावं लागलं असतं.

पुस्तकं पोत्यात भरून गेली. परत आली ती पेन ड्राइव्हमध्ये. श्रीदेवीनं त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं.

"हे बघा अप्पा, नव्या मॉडेलचं. वर चौकोनात सील लिहिते. आली बघा, सगळ्या पानांतली. बाण दाबला की पुढची."

"एवढी? मला एकच पाहिजे की."

"मग नंबर टाकायचा. एकच येतं."

"नंबर माहीत असता तर चौकोन कशाला लागला असता?"

श्रीदेवी हसली. "आता हे जुनं, लाल ट्रॅक्टरचं. ह्यात शोधून काही सापडणार नाही. हे स्कॅन आहे, म्हणजे पानांचे फोटो. कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, नुसता फोटो दिसतो."

"माझ्यासारखाच आहे म्हण," महादेवप्पा बोलून गेले. तिला ते विनोदासारखं वाटलं.

पानाचा आकडा टाकून जाता येई, पण त्यातही गोम होती. पुस्तकातल्या पानाचा आकडा टाकला की भलतंच पान उघडे, कारण कॉम्प्युटर मुखपृष्ठापासून मोजे, पुस्तक मात्र प्रस्तावना संपल्यावर. "थोडं पुढचं टाकायचं," श्रीदेवी म्हणाली. महादेवप्पांना जाडीची सवय. तिथं जाडी नव्हती. पहिलं पान आणि शेवटचं पान एकाच काचेवर, एकाच खोलीचं. तरी मागचा ॲक्सल त्यांना चित्राच्या आकारावरून ओळखू आला: मधे फुगीर, दोन्हीकडे हात पसरलेला. ते तक्त्याकडे वळले.

तक्ता पांढरा होता. एकही डाग नव्हता.

दोन-चार पानं उलटून बघितली. सगळी पांढरी. त्या दिवशी घरी गेल्यावर निंगव्वानं विचारलं, "हात धुतले?" ते म्हणाले, "धुवायला काय लागलंय."

कल्लप्पा आला तो हंगाम भरात असताना. श्रीपूरच्या कारखान्याला ऊस ओढायचा, जुना लाल ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. मागच्या ॲक्सलचं तेल अडवणारं सील गळत होतं. श्रीदेवी एका लग्नासाठी गावी गेली होती, शरणबसव बँकेत. काउंटरवर महादेवप्पा एकटे.

"अप्पा, लवकर द्या. नंबर लागायचा हाय कारखान्यावर, गाडी उबी हाय."

जुनं सील फाटून आकार गेलेलं. त्या ट्रॅक्टरला दोन जातींची सीलं येत: आधीच्या गाड्यांना एक, नंतरच्यांना दुसरं, भोकात किंचित फरक. पुस्तकात आधीच्याची ओळ कुळकुळीत होती, नंतरच्याची जवळजवळ कोरी. आता दोन्ही पांढऱ्या, एकाखाली एक. नंबर त्यांना दोन्ही पाठ होते. कुठली ओळ आधीच्या गाड्यांची, ते डाग सांगायचा, आणि कल्लप्पाची गाडी आधीची होती. ते पडद्याला नाक लावून बसले. मध्ये धुकं, कडेला बारीक किडे. मान तिरपी केली. कल्लप्पा चुळबुळत होता.

एखाद्या जवळच्या दुकानदाराला बोलवून वाचून घेता आलं असतं. "उद्या ये" म्हणता आलं असतं. ते उठले, रॅकवरून एक सील काढलं आणि दिलं.

तिसऱ्या दिवशी कल्लप्पा दुकानात आला तेव्हा शरणबसव आणि श्रीदेवी दोघंही होते. कल्लप्पाच्या कोपराला पट्टी होती. आवाज मात्र शांत होता, आणि तेच वाईट होतं.

"अप्पा, सील कसलं दिलं मला? सगळं तेल ब्रेकवर. उतार लागला, मागं दोन ट्रॉल्या. पाय दाबतोय, दाबतोय, गाडी थांबंना. म्होरं बैलगाड्यांची रांग, वर बाया-पोरं बसल्याली. बांदावर घातला ट्रॅक्टर, म्हनून हाय मी हितं."

शरणबसव पुढे झाला. "मिस्त्रीनं नीट बसवलं नसेल. आमच्याकडनं अशी चूक होत नाही. अप्पा इतकी वर्षं—"

"मिस्त्रीचं काही नाही," महादेवप्पा म्हणाले. "मी चुकीचं दिलं. मला ओळ दिसली नाही."

"दिसली नाही म्हणजे?"

"मधलं दिसत नाही मला. तुझं तोंडसुद्धा दिसत नाही आत्ता."

बाहेर एक टेम्पो मागे घेताना पीं पीं करत होता.

"कधीपासून?"

"तुझ्या पोराचं जावळ काढलं, त्याच्या आधीपासून."

"आणि तेव्हापासून पार्ट कसे काढत होता?"

"डाग बघून."

शरणबसवला ते समजायला वेळ लागला. श्रीदेवीला लगेच समजलं. स्कॅन करणाऱ्याला तिनंच बजावलं होतं, पानं फार घाण आहेत, स्वच्छ करून दे. आणि त्यानं खरंच सुंदर काम केलं होतं. तिनं नजर खाली घातली.

"अप्पा, मला सांगायचं की हो," शरणबसव म्हणाला. तो चिडला होता, आणि ज्या माणसानं लहानपणी त्याला काउंटरवर बसवून गोळ्या दिल्या त्याच्यावर चिडता येत नव्हतं. "माणूस मेला असता."

"म्हणून तर सांगितलं."

श्रीदेवीनं दोन्ही नंबर वाचून, गाडीचा नंबर ताडून बरोबर सील काढलं. कल्लप्पा गेला. महादेवप्पा खुर्चीवरून उठले, चपला शोधल्या आणि घरी गेले. खुर्ची रिकामी राहिली. त्या दिवशी कुणी तिच्यावर बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानाची किल्ली द्यायला आले. किल्ली शरणबसवच्या वडिलांनी दिलेली. ती त्यांच्या मुलाच्या हातात ठेवावी, बाकी काही बोलू नये, असं ठरवून आले होते. शरणबसव यायचा होता. श्रीदेवी कॉम्प्युटरपाशी होती.

"अप्पा, इकडं या. बसा."

"नको यव्वा. किल्ली देतो, जातो."

"बसा म्हणते ना. कंट्रोल दाबून धरायचं आणि माऊसचं चाक पुढं फिरवायचं. तुम्हीच फिरवा."

त्यांनी फिरवलं. पान फुगलं. अजून फिरवलं. तक्ता पडद्याबाहेर गेला, चित्र पसरलं, आणि मागच्या ॲक्सलचा एक बोल्ट ताटाएवढा होऊन समोर आला. ठिपक्याच्या कडेकडेनं त्यांना त्याचे आटे दिसले. एक एक आटा, वळणानं वर चढणारा. शेजारी वॉशर, त्याला पातळ सावली. चित्र काढणाऱ्यानं सावलीसाठी बारीक रेघा मारल्या होत्या. ते चित्र त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, आणि त्या रेघा शेवटच्या कधी दिसल्या ते आठवत नव्हतं. पत्र्याचं दुकान आठवलं. पहिल्या हंगामात दुपारी गिऱ्हाईक नसताना ते चित्रंच बघत बसायचे. सगळं सुटलेलं आणि तरी प्रत्येक तुकड्याला आपली जागा माहीत असलेलं.

"दिसतंय?" श्रीदेवीनं विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "पण मी कुठं आहे ते कळत नाही. पान केवढं, मी कुठल्या कोपऱ्यात?"

"डावीकडं बघा, लहान लहान पानं दिसतात. तिथं तांबडी चौकट आहे ती तुम्ही."

चौकट त्यांना दिसली नाही, पण लहान पानांवरच्या चित्रांचे काळे आकार दिसले: फुगीर, चपटा, लांबोडका. "हा क्लच," ते म्हणाले. "हा हायड्रॉलिक. वर घे. अजून. हा पुढचा ॲक्सल." ती बघत राहिली. मग तिनं एकेका जागी खूण घालायला सुरुवात केली आणि खुणेला नाव काय देऊ विचारलं. मागच्या ॲक्सलला कंपनीचं इंग्रजी नाव त्यांनी नको म्हटलं. "मागची घागर लिही. करकंबचे तेच म्हणतात."

शरणबसव आला तेव्हा ते दोघं तिथंच होते. किल्ली काउंटरवर पडली होती. त्यानं ती उचलली, बघितली, महादेवप्पांपुढे सरकवली. "तुम्ही पान काढा," तो म्हणाला. "नंबर श्रीदेवी वाचल्याशिवाय रॅकमधनं वस्तू निघणार नाही. चालेल?"

"आणि गिऱ्हाइकाला चाललं नाही तर?"



कल्लप्पा आठवडाभरात आलाच, ब्रेकचे लायनर घ्यायला. तेलानं जुने वाया गेले होते. तो महादेवप्पांना ओलांडून श्रीदेवीपुढे उभा राहिला. महादेवप्पांनी त्याला आवाजावरून ओळखलं आणि काउंटरला हात टेकवून उठू लागले.

"उटा कुनी म्हनलं?" कल्लप्पा वळला. "रागावलोय मी, ते हाय. पर ह्या बाईला लाल गाडी निळी गाडी कुटं कळतीय? तुमी पान काढा, बाई वाचतील, मी ऐकतो. तिगं मिळून एक लायनर देऊ की."

"तुला भरवसा आहे?"

"न्हाय. म्हनून तर तिगं."

श्रीदेवी हसू दाबत होती. महादेवप्पा खाली बसले, चाक फिरवलं, लहान पानांतून ब्रेकचं चित्र शोधलं, मोठं केलं, आणि बाजूला सरकून तिला जागा दिली. तिनं नंबर एकेक आकडा सुटा करून मोठ्यानं वाचला.

"पुन्हा वाच," महादेवप्पा म्हणाले.

तिनं पुन्हा वाचला.