मालकांनी सांगितलेले सिनेमे

मी सिनेमे बघितले कमी आणि ऐकले जास्त. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. माझ्याइतके सिनेमे ऐकलेली दुसरी बाई सातारा जिल्ह्यात दाखवा, मी तिच्या घरी पाणी भरीन.

आमचे मालक यष्टीवर कंडक्टर होते. मेढ्याच्या पुढं डोंगरात आमचं गाव. तिथून सिनेमाला जायचं म्हणजे साताऱ्याला जायचं, आणि गेलं तर परतीची गाडी मिळायची नाही. घरात सासूबाई, दारात दोन म्हशी, खाली भाताची खाचरं. मी कुठली जातेय? मालकांना मात्र बहुतेक सांगलीची ड्यूटी असायची. दुपारी तिथं गाडी लावायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं. मधल्या वेळात बाकीचे लोक डेपोत पत्ते कुटायचे, आणि हे थेटरात. हिंदी असो, मराठी असो, इंग्रजी असो, कशाचंही वावडं नाही.

घरी आले की मी भाकरी थापत असायची, तिथं चुलीपुढं पाट टाकून बसायचे आणि अख्खा सिनेमा सांगायचे. सांगायचे म्हणजे काय, करूनच दाखवायचे! मारामारी आली की उठून उभे राहायचे. गाणं आलं की गायचे. व्हिलन आला की असा काही आवाज काढायचे की सासूबाई बाहेरून ओरडायच्या, "अगं, कोण आलंय घरात?"

पहिली तीन-चार वर्षं ते सगळं जसंच्या तसं सांगायचे. एका सिनेमातली आई शेवटी मेली, तर मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. म्हटलं, एवढी चांगली बाई, आणि तुम्ही तिला मरू दिलंत कसं!

मग आमचा पहिला मुलगा गेला. सव्वादोन वर्षांचा होता. ताप डोक्यात गेला, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. मालक तेव्हा सांगलीला होते. निरोप मिळून घरी पोचायला त्यांना दुसरा दिवस उजाडला, आणि तोवर आमच्या माणसांनी सगळं उरकलं होतं. ते आले आणि अंगणात बसून राहिले. काय झालं, कसं झालं, त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुढं मुलगी झाली, मोठी झाली, शिकली, संसार चांगला झाला. पण त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी एक शब्द बोललो नाही.

सहा-सात महिन्यांनी ते परत सिनेमे सांगायला लागले. आणि त्यानंतर त्यांच्या एकाही सिनेमात लहान पोर मेलं नाही.

हे माझ्या ध्यानात यायला घरात टीव्ही यावा लागला. त्यांनी सांगितलेला एक सिनेमा टीव्हीवर लागला, आणि ज्या पोराला डॉक्टरांनी वाचवलं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत मेलं.

"आवं, ह्यो तर मेला की! तुमी तर म्हनला हुता वाचला."

"टीव्हीवाल्यांनी कापला असंल शेवट."

"कापल्यावर जित्तं पोरगं मरतं व्हय?"

"तू गप बघ की."

असं चार-पाच वेळा झालं. मी हसत नव्हते हो, मला राग यायचा. पोर माझ्या मांडीवर गेलं. ते मी सोसलं, त्यानंतर म्हशी राखल्या, भात लावला, लेकीला वाढवलं, आणि हा माणूस मला सिनेमातलं मरण सोसायचं नाही म्हणून गोष्टी फिरवून सांगतो? मी काय काचेची बाहुली आहे? एकदा तरी ह्यांनी मला सिनेमा जसा असेल तसा सांगावा, एवढीच माझी इच्छा होती. तोंडानं मात्र कधी बोलले नाही, कारण बोलायला गेलं की तो विषय निघणार.

आमची लेक आता सांगलीला असते, कॉलेजात शिकवते. मालक रिटायर झाल्यावर एका हिवाळ्यात तिचा फोन आला की इथं आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे, देशोदेशीचे सिनेमे येणार आहेत, तुमचे दोघांचे पास काढलेत, मुकाट्यानं या. मालक तर फोन ठेवायच्या आधी पिशवी भरायला लागले. मी म्हटलं, मला कुठली ती भाषा कळणार? लेक म्हणाली, कुणालाच कळत नाही आई, खाली इंग्रजीत लिहून येतं. मालक बारावी शिकलेले. इंग्रजी बोलता येत नाही, पण वाचतात चांगलं. ते वाचतील आणि मला सांगतील, असं ठरलं.

मी गाडीतच अट घातली. "जे लिहिलं असंल तेच सांगायचं. पदरचं एक अक्षर घालायचं न्हाई. घातलं तर मी उठून जाणार."

"बरं बाई," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

नाट्यगृहाच्या दारात आमच्या गळ्यात फितीला लावलेले पास अडकवले. सगळ्यांच्याच गळ्यात होते, नाहीतर मला वाटलं असतं म्हाताऱ्या माणसांना हरवू नये म्हणून घातलेत. सगळी तरुण पोरं, खांद्याला कापडी पिशव्या, हातात पुस्तिका, कुठला सिनेमा कधी ते पेनानं खुणा करून ठेवलेलं. आमच्याही खांद्याला पिशवी होती. तिच्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. मध्यंतर झालं की खायचं असं मी ठरवलं होतं. पहिला सिनेमा संपून दिवे लागले तरी मध्यंतर काही झालं नाही. शेजारच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "इथं इंटरव्हल नसतो मावशी." घ्या! ह्यांना भूक लागत नाही का काय?

आणि दुसरी गंमत म्हणजे मालकांना हळू बोलताच येत नाही. आयुष्यभर भरल्या गाडीत "पुढं सरका" म्हणून ओरडलेला गळा तो. पहिल्या सिनेमात एक म्हातारा आपलं गाढव विकायला निघतो आणि अर्ध्या वाटेतून परत घेऊन येतो. मालक माझ्या कानात सांगत होते आणि ते पाचव्या रांगेपर्यंत जात होतं. पुढून कुणीतरी "शूऽ" केलं. मागून दुसऱ्यानं केलं. मी लाजेनं अर्धी झाले. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "वाचू द्या हो त्यांना. त्या बारीक अक्षरापायी मला तर काहीच कळत नव्हतं." मग कुणी काही बोललं नाही. गाढव घरी आलं तेव्हा आम्ही तिघंही हसलो. मला लय आवडला तो सिनेमा. ह्यांनी एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही, हे मला चित्रं बघूनच कळत होतं. वाटलं, आता सुधारले.

दुसरा सिनेमा कुठल्यातरी थंड डोंगराळ मुलखातला. एक बाई, तिचा पाच-सहा वर्षांचा मुलगा, आणि मेंढरं. नवरा कामाला लांब शहरात. एक दिवस धुकं येतं आणि मेंढरं परत येतात, मुलगा येत नाही. सगळं गाव कंदील घेऊन हाका मारत फिरतं. मालक सांगत होते, पण आवाज आपोआप बारीक होत चालला होता. मागचे आजोबा म्हणाले, "अहो, जरा मोठ्यानं." तरी वाढेना. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते.

मग एक माणूस त्या बाईच्या दारात येतो. टोपी काढतो आणि काहीतरी सांगतो. खाली दोन ओळी आल्या आणि गेल्या.

"काय म्हनला?" मी विचारलं.

मालक पडद्याकडंच बघत राहिले.

"आवं, काय म्हनला त्यो?"

"सापडला म्हनतोय. पल्याडच्या गावात हाय. सुखरूप हाय."

पडद्यावर ती बाई घरात गेली. दोरीवरचे लहान लहान कपडे काढले, एकेक घडी केली आणि पेटीत तळाशी ठेवत बसली.

मी म्हणाले, "मग ती कापडं का घालतीय पेटीत?"

आता ते पडद्याकडंही बघेनात. मी ठरवल्याप्रमाणं उठले आणि त्यांच्या पायांवर पाय देत बाहेर आले.

बाहेर आवारात ऊन पडलं होतं. एका कडेला सिमेंटचा बाक होता, तिथं मी बसले. मालक मागोमाग आले आणि उभेच राहिले. मी जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. मी म्हटलं, ल्हान पोर हाय का मी? माझं पोर मी मांडीवर मेलेलं बघितलंय. परक्या मुलखातलं, खोटं, पडद्यावरचं पोर मेलं तर मी काय जीव देणार हाय? मला कशाला असं जपता?

"तुला न्हाई गं जपत," ते म्हणाले.

"मग?"

"माझ्याच्यानं वाचवंना."

ते शेजारी बसले. गळ्यातला पास काढून त्याची फीत बोटाला गुंडाळत राहिले. म्हणाले, "त्यो दारात येऊन सांगतोय ना, तसाच मला सांगलीच्या डेपोत निरोप आला. मी तिकिटाची पेटी जमा करत हुतो. म्होरनं एक जन आला, टोपी काढली, आन् सांगितलं. पुढचं मला काय म्हाईतच न्हाई. पोरगं माझं, आन् शेवट म्हाईत न्हाई. म्हनून मी आपला दरवेळी त्याला वाचवायचो. तुला वाटतंय तुझ्यासाठी. मी माझ्यासाठीच सांगत हुतो."

इतकी वर्षं मी ह्या माणसावर रागावले होते, आणि हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरला. आवारात एवढी माणसं होती, तरी धरला.

"आता सांग," ते म्हणाले. "जसं झालं तसं सांग. पदरचं काय घालू नको."

माझीच अट माझ्या गळ्यात आली. मी सांगितलं. सकाळी दूध प्यायला ते उलटलं. ताप चढत गेला, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, उतरेना. दुपारी डोळे फिरवले. चुलत दिरांनी जीप आणली. सासूबाई पुढं बसल्या, मी त्याला मांडीवर घेऊन मागं. मेढा सोडलं तेव्हा श्वास चालू होता. अंगात निळं झबलं होतं. ते मान खाली घालून सगळं ऐकत होते, मधेच हुंकार देत होते, मी सिनेमा ऐकताना द्यायची तसाच.

"जीपमंदी जागा हुता का?" त्यांनी विचारलं.

जागा होता. मेढ्याच्या पुढं एका वळणावर समोरून यष्टी आली आणि तिचा हॉर्न वाजला. त्याला कुठलीही यष्टी दिसली की तिच्यात त्याचे आप्पाच आहेत असं वाटायचं. दुपारपासून मिटलेले डोळे त्यानं उघडले. मान उचलायला बघितली. "आप्पा," म्हणाला, दोन वेळा. गाडी निघून गेली तरी तिकडंच बघत राहिला. त्यानंतर तो काही बोलला नाही.

"न्हाई," मी म्हणाले. "झोपल्यालाच हुता. मेढा सोडल्यावर डोळं उघडलंच न्हाईत. झोपंतच गेला."

"कुनाला हाक न्हाई मारली?"

"न्हाई."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मग रुमाल काढून तोंड पुसलं, नीट घडी करून परत खिशात ठेवला.

"बरं झालं," ते म्हणाले. "एवढंच इचारायचं हुतं मला."